पाणी, माती आणि पहिली दहा मिनिटं

बिब्बा उतलेला हात ज्यानं पाहिला आहे, त्याला मस्टर्डची जखम समजावून सांगायला मला फार शब्द लागत नाहीत. बिब्ब्याचं तेल लागतं त्या वेळी बहुतेकदा काहीच कळत नाही. माणूस हात पुसतो, जेवतो, झोपतो. मग कातडी लाल होते, खाज सुटते, पाण्यानं टचटचीत भरलेले फोड येतात. ते बोट दिवसभरात जिथं जिथं लागलं असेल, पापणीला, मानेला, तिथं तिथं त्याची खूण उमटते.

रासायनिक युद्धात होणाऱ्या त्वचेच्या आणि डोळ्यांच्या जखमांवर मराठीत लिहिलेली ही पुस्तिका वाचताना मला पहिल्यांदा बिब्बाच आठवला. साम्य अर्थात वरवरचं आहे. बिब्ब्याचा त्रास मुख्यतः शरीराला त्याचं वावडं असल्यानं होतो. मस्टर्ड थेट पेशीत शिरतं आणि तिच्या डीएनएचे धागे एकमेकांना जखडून टाकतं. पेशीला मग दुभंगता येत नाही, ती मरते. जिथं पेशी भराभर नव्या होतात तिथं घाव खोल: कातडीचा खालचा थर, डोळ्याचा पृष्ठभाग, श्वासनलिकेचं अस्तर, हाडांतला मगज.

या विषाला मस्टर्ड वायू म्हणतात, पण त्याचा मोहरीशी संबंध फक्त वासापुरता आहे, आणि तोही बऱ्याच जणांना लसणासारखा वाटतो. तो वायूही नाही. गंधक आणि क्लोरिन असलेलं ते एक तेलकट द्रव आहे, साधारण 14 अंश सेल्सियसखाली गोठणारं, उन्हात वाफ होणारं. 12 जुलै 1917 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन तोफखान्यानं ते पहिल्यांदा युद्धात वापरलं. ज्यांच्यावर ते पडलं त्यांना त्या वेळी विशेष काही जाणवलं नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं, पापण्या सुजून मिटल्या, आणि सकाळपर्यंत हजारो माणसं रांगेनं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून दवाखान्याकडे निघाली.

अशा विषयावरची पुस्तिका अहिल्यानगरमधून का निघावी, असं कुणी विचारेल. नगर हे छावणीचं गाव आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथं आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं आहे, के. के. रेंजवरच्या तोफांचे आवाज पारनेर-राहुरीच्या शेतांपर्यंत ऐकू येतात. आणि वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे आपल्या तोंडातलं ‘व्हीआरडीई’, तीही इथलीच. रासायनिक, जैविक आणि किरणोत्सारी धोक्याची टेहळणी करणारं लष्कराचं चिलखती वाहन याच संस्थेनं ग्वाल्हेर आणि जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळांच्या साथीनं घडवलं. हवेत, मातीत कुठलं विष आहे हे आत बसलेल्या जवानाला ते वाहन सांगू शकतं. ते विष एखाद्याच्या डोळ्यांत गेल्यावर पुढची दहा मिनिटं काय करायचं, हे मात्र शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असावं लागतं. पुस्तिका त्या शेजारच्या माणसासाठी आहे.

भारताकडे आज मस्टर्डचा साठा नाही. रासायनिक शस्त्रबंदीचा करार 29 एप्रिल 1997 रोजी अमलात आला, त्याच वर्षी जूनमध्ये भारतानं आपल्याकडे 1,044 टन मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं आणि 2009 पर्यंत ते सगळं नष्ट केलं. अल्बानिया आणि दक्षिण कोरियानंतर हे काम पुरं करणारा आपला देश तिसरा. याचा मला अभिमान वाटतो. पण इतरत्र ही गोष्ट संपलेली नाही. ऑगस्ट 2015 मध्ये सीरियातल्या मारिआ गावात मस्टर्डचा वापर झाल्याचं आंतरराष्ट्रीय तपासणीतून निघालं, आणि तिथं भाजलेल्यांत घरात बसलेलं कुटुंब होतं, तान्हं मूल होतं.

मी नेत्रतज्ज्ञ आहे. मस्टर्डचा रुग्ण माझ्या हाताखालून गेलेला नाही, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. रसायनानं भाजलेले डोळे मात्र मी तीस वर्षं बघतो आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी पिळताना फुटते आणि पोराच्या डोळ्यात चुना उडतो. ठिबकच्या नळ्यांत साठलेले क्षार काढायला शेतकरी आम्ल सोडतो, घाईत आम्लात पाणी ओततो आणि उसळलेले थेंब तोंडावर घेतो (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे मी इथंही लिहून ठेवतो). ट्रॅक्टरची बॅटरी, फवारणीचं औषध, ओलं सिमेंट. प्रत्येकाची जात वेगळी. चुना अल्कधर्मी, तो डोळ्यातला स्निग्धांश साबणासारखा करून आत आत उतरतो. आम्ल बहुतेकदा वरच्या थरावर थांबतं. मस्टर्ड काही मिनिटांत पेशीला चिकटतं आणि तासन्‌तास गप्प बसतं. तिन्हींवरचा पहिला उपाय मात्र एकच, आणि तो दवाखान्यात यायच्या आधी करायचा असतो.

वेळ न साधल्यानं काय होतं याचा सगळ्यात मोठा पुरावा इटलीतल्या बारी बंदरात आहे. 2 डिसेंबर 1943 च्या रात्री जर्मन विमानांनी तिथं उभ्या असलेल्या दोस्तांच्या जहाजांवर हल्ला केला. सतरा जहाजं बुडाली. त्यांतल्या ‘जॉन हार्वे’ या अमेरिकन जहाजात मस्टर्डचे 2,000 बॉम्ब होते, शत्रूनं आधी वापर केला तर उत्तर म्हणून गुपचूप आणलेले. जहाज फुटलं, मस्टर्ड समुद्रावर पसरलेल्या इंधनतेलात मिसळलं, आणि जीव वाचवायला पाण्यात उड्या टाकलेले खलाशी त्याच तेलात पोहले. ज्यांना जहाजावरच्या मालाची माहिती होती ते बहुतेक स्फोटात गेले. जे जिवंत होते त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. रुग्णालयातल्या परिचारिकांनी या गारठलेल्या माणसांना त्यांच्या तेलात भिजलेल्या कपड्यांसकट ब्लँकेटांत गुंडाळलं, गरम चहा दिला आणि अधिक जखमी माणसांकडे धावल्या. त्यांनी जे केलं ते कुठल्याही दयाळू माणसानं केलं असतं. विष रात्रभर अंगाला लागून राहिलं. पहाटे डोळे चुरचुरू लागले, मग मिटले, मग अंगावर फोड आले. रुग्णालयांत दाखल झालेल्या मस्टर्डच्या रुग्णांची नोंद 628 आहे, त्यांतले 83 मेले. बारीतल्या नागरिकांची नीट मोजदाद झालीच नाही.

ज्या इटलीच्या मोहिमेत पुढे 9 एप्रिल 1945 रोजी आपल्या जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्याच मोहिमेतली ही रात्र. मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण त्या वेळी याच देशात लढत होती. नामदेवांची गोष्ट आपण शाळांतून सांगतो, ती सांगायलाच हवी. बारीची गोष्टही तिच्या शेजारी ठेवावी असं मला मनापासून वाटतं. त्या रात्री खलाशांचे कपडे उतरवून त्यांना साबण-पाण्यानं धुतलं असतं तर कित्येक वाचले असते, हे नंतर चौकशीला आलेल्या डॉ. स्ट्युअर्ट अलेक्झांडर या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं ओळखलं. बॉम्ब जितके घातक होते, जवळजवळ तितकीच गुप्तताही घातक ठरली.

तेव्हा पुस्तिकेतलं दुसरं प्रकरण, ‘घटनास्थळी’, हे मी या पुस्तिकेचं काळीज मानतो. कपडे उतरवा, कापून काढा, डोक्यावरून ओढू नका. अंगावर दिसणारं द्रव टिपून घ्या, चोळू नका. भरपूर पाणी आणि साबण. डोळे फक्त पाण्यानं किंवा सलाइननं, लगेच. मस्टर्डवर उतारा नाही. लुइसाइट नावाच्या त्याच्या आर्सेनिकयुक्त भावंडावर आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला रुडॉल्फ पीटर्स यांच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला, आणि आजही जड धातूंच्या विषबाधेत आम्ही तो वापरतो. मस्टर्डच्या बाबतीत मात्र उताऱ्याचं काम पहिल्या दहा मिनिटांतलं पाणी करतं. पुढचं सगळं म्हणजे झालेल्या जखमेची सेवा.

पाणी म्हणणं सोपं आहे. मी पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या गावांत शिबिरं घेतली आहेत. चैत्र-वैशाखात जिथं टँकर आल्यावर बायका हंडे घेऊन धावतात, तिथं ‘अर्धा तास डोळ्यावर पाणी धरा’ हे वाक्य उच्चारताना जीभ जड होते. एकदा पाथर्डी तालुक्यातलं सहा वर्षांचं पोर माझ्याकडे आलं. डोळ्यात चुना. मी पापणी उलटी केली, कापसाच्या बोळ्यानं आतली खाच पुसली, लिटमसची पट्टी लावली आणि चकित झालो. पट्टी जवळजवळ ठीक होती, बुबुळ स्वच्छ होतं, एकदोन पांढरे कण तेवढे वरच्या पापणीच्या घडीत राहिले होते. सोबत आजी होती. मी विचारलं, ‘आजी, काय केलंत?’ ती म्हणाली, ‘दोन हंडे व्हतं घरात. दोन्ही त्याच्या डोळ्यावर वतलं.’ दोन हंडे म्हणजे त्या घराचं दोन दिवसांचं पिण्याचं पाणी. त्या पोराची नजर आज शाबूत आहे. कुठल्याही शस्त्रक्रियेनं मी ती तितकी शाबूत ठेवू शकलो नसतो.

जिथं पाणी नाहीच तिथं कातडीसाठी माती आहे. मुलतानी माती, आपल्या घरात पोरी चेहऱ्याला लावतात तीच, जगातल्या सैन्यांच्या निर्विषीकरणाच्या पुड्यांत वर्षानुवर्षं वापरली गेली आहे. तिच्या बारीक कणांत तेलकट द्रव शोषलं जातं. अंगावर भुरभुरावी, क्षणभर थांबावं, मग पुसून टाकावी. घासायची नाही, आणि डोळ्यांत जाऊ द्यायची नाही. माती नसेल तर टाल्कम पावडर, तीही नसेल तर घरातलं पीठ, आणि नंतर ओल्या फडक्यानं पुसणं. सैन्याच्या पुस्तकातला उपाय स्वयंपाकघरातल्या डब्यात सापडतो ही गोष्ट मला फार धीर देणारी वाटते. तूप, खोबरेल, मलम मात्र या वेळी नको. मस्टर्ड तेलात विरघळतं. तूप लावलं की ते कातडीवर पसरतं आणि आत उतरतं. भाजलं की तूप, हा हात आपल्याकडे इतका सवयीचा आहे की पुस्तिकेत हे वाक्य दोनदा छापायला मीच सुचवलं.

आमच्या हवेचाही विचार लेखकानं केला आहे. ईप्रच्या चिखलातली आकडेवारी नगरच्या मे महिन्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. उन्हात हे द्रव झपाट्यानं वाफ होतं आणि घामेजलेली कातडी ते जास्त शोषते. म्हणून फोड आधी काखेत, जांघेत, गुडघ्याच्या लवणीत, कॉलरखाली, पट्ट्याखाली येतात. शोधायचं तर तिथं शोधावं.

आता डोळे. शरीरात मस्टर्डला सगळ्यात आधी बळी पडतो तो डोळा, साधारण चार ते बारा तासांत. आग, पाणी, उजेड सहन न होणं, आणि पापण्यांची अशी घट्ट मिठी की रुग्ण त्या उघडूच शकत नाही. त्याला वाटतं, डोळे गेले. पहिल्या महायुद्धातला अनुभव असा की बहुसंख्य रुग्णांना नुसता डोळे येण्यासारखा दाह झाला आणि एक-दोन आठवड्यांत तो उतरला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापर्यंत जखम पोचली ती साधारण दहातल्या एकात, कायमची नजर फारच थोड्यांची गेली. हे रुग्णाला पहिल्या तासात, त्याच्या भाषेत, त्याचा हात हातात घेऊन सांगायचं असतं. लष्करी ग्रंथांत हे एका ओळीत असतं. या पुस्तिकेत त्याला पाऊण पान दिलं आहे आणि मला ते योग्य वाटतं. अंधारात पडलेल्या माणसाची भीती हीसुद्धा एक जखमच आहे, आणि तिच्यावर औषध उपलब्ध आहे.

जॉन सिंगर सार्जंट यांचं ‘गॅस्ड’ हे भलंमोठं चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या बांधलेले सैनिक एकामागोमाग चालताहेत, पुढच्याच्या खांद्यावर हात. मस्टर्ड म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढे तेच चित्र येतं, आणि त्यामुळे पट्टी बांधणं हाच उपचार अशी समजूत राहते. आजचा उपचार नेमका पट्टी बांधू नका असं सांगतो. बंद डोळ्यात पू आणि स्राव साठतो, पापण्या एकमेकींना चिकटतात. पापण्यांच्या कडांना थोडं व्हॅसलीन, जंतुनाशक मलम, बाहुली विस्फारून आतल्या स्नायूंचा पीळ सोडवणारे थेंब, काळा चष्मा, अंधारी खोली. भुलीचे थेंब तपासणीपुरते एकदा ठीक, वेदनेसाठी पुन्हा पुन्हा घातले तर तेच बुबुळाला इजा करतात. रुग्ण ते मागेल, गयावया करेल. देऊ नयेत. पोटातून किंवा सुईनं वेदनाशामक द्यावं.

कातडीच्या प्रकरणात एक गोष्ट मला पुन्हा अधोरेखित करावीशी वाटते. फोडांतलं पाणी विषारी नसतं. एकदा रुग्णाला नीट धुतलं की त्याचे फोड साफ करणाऱ्या सिस्टरला त्यातून धोका नाही. धोका असतो तो न धुतलेल्या रुग्णाच्या कपड्यांतून. म्हणून धुण्याची जागा वॉर्डाच्या बाहेर असावी आणि कपडे दुहेरी पिशवीत बंद करावेत. आणखी एक: जाळानं भाजलेल्या रुग्णाला आपण जितकं सलाइन देतो तितकं इथं द्यायचं नसतं. मस्टर्डमध्ये शरीरातलं पाणी तितकं झिरपत नाही, आणि हिशोबाच्या जुन्या सूत्रानं बाटल्या चढवल्या तर फुप्फुसांत पाणी भरतं. मोठा भाजलेला भाग असेल तर पांढऱ्या पेशींची मोजणी रोज. त्या काही दिवसांनी घसरू लागतात, आणि खरे मृत्यू पुष्कळदा तिथं होतात. पांढऱ्या पेशींची हीच पडझड बघून 1942 मध्ये येल विद्यापीठात गिलमन आणि गुडमन यांनी मस्टर्डच्या नायट्रोजनयुक्त रूपाचा लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर प्रयोग केला. आजच्या केमोथेरपीची एक मुळी त्या प्रयोगापर्यंत जाते.

पुस्तिकेच्या इतिहासाच्या भागात रावळपिंडीचा उल्लेख एका परिच्छेदात आटोपला आहे. मी इथं थोडं थांबतो. 1930 च्या दशकापासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत पोर्टन डाऊन या ब्रिटिश केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीला मस्टर्डचे प्रयोग केले. हिंदी कातडीला मस्टर्ड किती पुरतं, ब्रिटिश कातडीपेक्षा कमी की जास्त, हे त्यांना बघायचं होतं. शेकडो हिंदी जवानांना अर्धी चड्डी आणि सुती सदरा घालून वायूच्या खोल्यांत पाठवलं. कित्येक गंभीर भाजले, रुग्णालयात पडले. एकाचा मुखवटा घसरला आणि त्याचे डोळे व चेहरा जळाला. 2007 मध्ये ही कागदपत्रं ब्रिटिश वृत्तपत्रात आली तेव्हा त्या माणसांची पुढे कुणी विचारपूस केल्याची नोंद सापडली नाही. आज आपण ज्या मात्रा आणि ज्या वेळा निश्चित म्हणून पाठ करतो, त्यांतल्या काहींमागे ही न विचारता घेतलेली कातडी आहे. पुढच्या आवृत्तीत या जवानांना स्वतंत्र प्रकरण मिळावं अशी माझी लेखकाला विनंती आहे.

विचारपूस का हवी, तर ही जखम भरल्यावरही परतते. इराण-इराक युद्धात सुमारे एक लाख इराणी रासायनिक हल्ल्यांत सापडले. त्यांच्यापैकी काहींचे डोळे तेव्हा बरे झाले आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा धुरकटू लागले. बुबुळाच्या काठावर नव्या पेशी पुरवणारा एक बारीक पट्टा असतो. तो मस्टर्डनं हळूहळू वाळतो, आणि मग नुसतं बुबुळ बदलून भागत नाही. असे काठ वाळलेले डोळे आम्ही चुन्याच्या आणि आम्लाच्या रुग्णांतही बघतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये यावर एक साधी पद्धत मांडली: चांगल्या डोळ्याच्या काठाचा अगदी छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे कण करून गर्भावरणाच्या पडद्यावर जखमी डोळ्यात पेरायचे. महागडी प्रयोगशाळा लागत नाही. रोपवाटिकेतून आणलेली रोपं लावावीत तसं ते दिसतं. मस्टर्डमध्ये दोन्ही डोळे जातात तेव्हा हा उपाय अडतो, कारण पेरायला चांगला डोळाच उरत नाही. त्यावर काम चालू आहे.

पुस्तिकेच्या मलपृष्ठावर फक्त डोळा धुण्याची चित्रं आहेत, मजकूर जवळजवळ नाही. ते पान कापून काढता यावं म्हणून कडेला टोचे मारून घेतले आहेत. साखर कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर, आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर, फवारणीचे डबे ठेवतात त्या खोलीच्या दारावर, आणि शक्य असेल तिथं नळाच्या किंवा हंड्यांच्या मांडणीच्या अगदी शेजारी ते चिकटवावं. माझ्या दवाखान्यात ते हात धुण्याच्या बेसिनवर लावलं आहे. परवा पाथर्डीची तीच आजी नातवाला तपासायला घेऊन आली होती. तिला वाचता येत नाही. चित्राकडे बराच वेळ बघून तिनं विचारलं, ‘डोस्कं एका अंगाला कलतं धराया सांगितलंय का, म्हंजी पानी दुसऱ्या डोळ्यात जाऊ नये म्हनून?’ मी हो म्हणालो. ‘त्या दिवशी म्या सरळच धरलं व्हतं,’ ती म्हणाली, आणि नातवाची मान वाकवून एकदा तिनं ते करून बघितलं.